ही आमची

रोशन्वारचं घड्याळ मरत नाही. हे मी म्हणत नाही, जाहिरात म्हणते. जाहिरातीत ते हेलिकॉप्टरमधून खाली टाकतात, ट्रॅक्टरखाली घालतात, गोठलेल्या तळ्यात बुडवतात, आणि बाहेर काढलं की ते आपलं टिकटिक करतच असतं. मग एक दाढीवाला गडी ते मनगटावर चढवून लांब डोंगराकडे बघत उभा राहतो. वेळ मनगटावर असताना हा डोंगरात काय शोधतो, ते मला अजून कळलेलं नाही.

हे घड्याळ आमच्या कुर्व्हालचं. फ्रान्सच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं आमचं गाव: एक चर्च, दोन खानावळी, एक कारखाना. बॅटरीवरची घड्याळं आली तेव्हा कारखान्याचं दिवाळं वाजलं, यंत्रं भंगारात गेली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या इमारतीत एक माणूस अळंबी पिकवत होता. चांगली असायची अळंबी. मग झुरिकच्या लोकांनी येऊन रोशन्वार हे नाव तेवढं विकत घेतलं, कारण घेण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. भिंती पांढऱ्या केल्या, दाराला काच लावली आणि काचेवर लिहिलं: '१८७१ पासून अखंड'. अळंबीची वर्षं त्या अखंडात धरलीत का, असं मी दारातल्या मुलीला विचारलं, तर ती गोड हसली. तिला हसण्याचाच पगार आहे.

मी जिस्लेन. आयुष्य गावच्या पोस्टात गेलं, आता घरी असते. माझ्याबरोबर माझी एर्मीन मावशी राहते, वय सत्त्याऐंशी. तिला खालचे दात नाहीत आणि खालच्या जबड्याचा डावा तुकडाही नाही, त्यामुळे ती सूप पिते, पेज खाते आणि चेहरा एका बाजूला बसल्यासारखा दिसतो. बोलते मात्र स्वच्छ. नको तेव्हा तर जास्तच स्वच्छ.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी सप्टेंबरात आमच्या दाराशी तिबो नावाचा तरुण येऊन उभा राहिला. लोझानचा, सडपातळ, पायात मोजे नाहीत. त्याच्या कार्डावर हुद्दा होता 'वारसा-संचालक'. पूर्वी असली कामं गावातले म्हातारे फुकट करायचे. बिनदाताच्या बाईला भेटायला येताना त्यानं डबाभर कडक बदामी बिस्किटं आणली होती, यावरून त्याचा अभ्यास किती खोल होता ते कळावं.

रोशन्वार आपलं जुनं 'रात्र' घड्याळ पुन्हा काढणार होती. सैनिकांसाठी केलेलं, अंधारात आकडे चमकणारं. आता त्याला रंग अर्थातच निरुपद्रवी लावतात, पण तो नवा दिसतो ही अडचण होती. म्हणून त्यात मुद्दाम पिवळट छटा मिसळून तो सत्तर वर्षं जुना दिसेल अशी सोय केली होती. तिबोनं नमुना काढून टेबलावर ठेवला. मावशीनं चष्मा लावला, घड्याळ नाकाशी धरलं आणि म्हणाली, "रंग अगदी जमलाय हो. विष म्हातारं झालं की अस्संच दिसतं."

तिबोनं ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. त्याला ते काव्य वाटलं.

आता ते विष. माझी आई लुदिवीन आणि तिची धाकटी बहीण एर्मीन, दोघी याच स्वयंपाकघरात रोशन्वारच्या तबकड्यांवर आकडे रंगवायच्या. एक मुकादम सायकलवरून तबकड्यांचे ट्रे आणायचा आणि रंगवलेले घेऊन जायचा. रंगात रेडियम असायचं. ब्रशाचं टोक बारीक हवं, आणि ओठांइतकं बारीक टोक दुसरं काही काढत नाही. तेव्हा ब्रश ओठात, मग रंगात, मग आठाच्या आकड्यावर, की पुन्हा ओठात. शेजारी चुलीवर बटाटे शिजत असायचे. रात्री मला पांघरूण घालताना आईची बोटं चमकायची आणि मला वाटायचं, आया अशाच असतात. शाळेत मी एका मुलीला विचारलं होतं, तुझी आई चमकत नाही का म्हणून. मला तिची दया आली होती.

पुढे सरकारनं तो रंग बंद केला. आईची हाडं त्याआधीच झिजायला लागली होती. ती गेली तेव्हा मी शाळेत होते. कारखान्यातून फुलांचं चक्र आलं नाही, म्हणून मावशी फाटकाशी गेली. पैसे मागायला नाही, एक चक्र मागायला, वर कारखान्याचं नाव असलेली फीत लावलेलं. मॅनेजरनं खिडकी अर्धी उघडली आणि म्हणाला, त्या बाया आमच्या नव्हेत, मुकादमाच्या. खिडकी लागली. मुकादम तोवर मेला होता, त्यामुळे त्याच्याकडे चौकशी करायची सोय नव्हती.

मावशी ते वाक्य तेव्हापासून सांभाळून आहे. जबडा गेला, पण ते वाक्य राहिलं. झुरिकचे लोक आल्यावर मी त्यांना लिहून विचारलं होतं. त्यांचं उत्तर सभ्य होतं आणि थोडक्यात असं होतं, की वारसा १८७१ पासूनचा आहे, जबाबदारी मात्र कंपनी विकत घेतली तेव्हापासूनची.

आणि आता तिबो आमच्याच स्वयंपाकघरात बसून मावशीचा हात हातात घेऊन म्हणत होता, "आजी, हे हात म्हणजे आमचा वारसा आहे."

"आमचा म्हणजे कोणाचा?"

"रोशन्वारचा."

"मी रोशन्वारची?"

"अगदी घरची."

मावशीनं हात सोडवून घेतला. मग शांतपणे म्हणाली, "तू चांगल्या घरचा मुलगा दिसतोस, पण तुझ्या बोलण्याला काय किंमत? तुझ्या साहेबाला म्हणायला लाव. गावासमोर. मेल्यावर नाही, मी ऐकत असताना."

तिबोला आनंद झाला. साहेब गावासमोर बोलायला कायम तयार असत, फक्त गावात कोणी ऐकायला नसायचं. मग तो मुद्द्यावर आला. ज्या टेबलावर ही कला घडली ते टेबल त्याला संग्रहालयासाठी हवं होतं. मी सांगितलं, टेबल बर्नच्या सरकारी माणसांनी नेलं. किरणोत्सर्गाचा मापक घेऊन आले होते, तो टेबलाजवळ धरला तर असा करकरला की मांजर दोन दिवस घरात आली नाही. टेबल, जमिनीच्या फळ्या आणि परसातली चार घमेली माती, सगळं पिंपात बंद करून नेलं. तिबो हळहळला. टेबल गेल्याबद्दल. मग म्हणाला की फोटो असेल तर सुतार हुबेहूब नक्कल करून देईल. टेबलालाही पिवळट छटा देणार का, असं मी विचारलं. देणार होते.

निघताना त्यानं विचारलं, की नव्या घड्याळाचा समारंभ सेंट मार्टिनच्या सणाला करायचाय, तर गावातली एखादी जुनी, अस्सल, विस्मरणात गेलेली चाल आहे का? मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं. आणि मी त्याला 'ही आमची' सांगितली.

सेंट मार्टिन म्हणजे नोव्हेंबरातला डुकराचा सण, जेलीपासून शेपटीपर्यंत सगळं डुक्कर एका बैठकीत खायचं. ते आजही खातात, त्यासाठी बस भरून माणसं येतात. पण पूर्वी कुर्व्हालच्या शेतांवर त्या दिवशी वर्ष संपायचं. सगळी गडीमाणसं टेबलाला बसायची आणि मालक उभा राहून स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ताटात रक्तीचं, म्हणजे डुकराच्या रक्ताचं, सॉसेज वाढायचा. वाढताना सगळ्यांदेखत म्हणायचा, 'हा आमचा', 'ही आमची'. ज्याच्या ताटाशी तो गप्प राहिला, त्यानं सकाळी गाठोडं बांधायचं. इतकं मी तिबोला सांगितलं. त्याचे डोळे पाणावले.

पुढचं त्यानं विचारलं नाही. पुढचं असं, की ज्याला आमचा म्हटलं त्याची हिवाळ्याची लाकडं मालकानं घालायची, दुखणं मालकानं बघायचं, आणि मेला तर पेटीला खांदा मालकानं द्यायचा. शब्द एकदा ताटाशी बोलला की मागे घेता येत नसे. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण वारसा-संचालकानं शेंबड्या पोरांना कशाला विचारावं?

सणाच्या दिवशी पंचायतीचा हॉल ओळखू येत नव्हता. छताला गवताच्या पेंढ्या टांगल्या होत्या. मधोमध नकली टेबल, त्यावर नकली ब्रश, आणि भिंतीवर आईचा फोटो माझ्यापेक्षा उंच. तो मीच दिला होता. फोटोत ती हसतेय, कारण तेव्हा तिला दात होते. खाली लिहिलं होतं: 'लुदिवीन. रात्रीला उजेड देणारी.' इतक्या मोठ्या अक्षरांत आईचं नाव तिच्या थडग्यावरही नाही.

कंपनीचे अध्यक्ष आमराइन झुरिकचे. उंच, लालबुंद, माणूस वाईट नाही. आमची भाषा मात्र ते स्क्रू मोजत असल्यासारखी बोलत. 'ही आमची' हे दोन शब्द त्यांच्याकडून तिबोनं आठवडाभर घोकून घेतले होते, आणि ते त्यांना उत्तम येत होते. त्यांच्यामागे कंपनीचे वकील द्युक्रे बसले होते, आणि त्यांचं सगळं लक्ष जेलीकडे होतं.

मावशीला मी निळा झगा घातला होता. पहिल्या ओळीत तिच्याशेजारी समोरच्या घरातले आर्सेन बसले होते, ऑर्तान्सचा मुलगा, जवळजवळ ठार बहिरे. ऑर्तान्सही आईबरोबरच रंगवायची आणि आईनंतर वर्षाच्या आत गेली.

कॅमेरे सुरू झाले. अध्यक्ष उठले, चिमट्यानं सॉसेज उचललं, मावशीच्या ताटात ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एर्मीन. ही आमची."

हॉलमध्ये गावच्या माणसांनी चमचे खाली ठेवले. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, लोक भारावलेत. मावशीनं डोळे मिटले. तिचा अर्धा चेहरा हलत नाही, पण उरलेल्या अर्ध्यावरून पाणी ओघळलं आणि मलाही रडू फुटलं. वाटलं, झालं. हिला हवं होतं ते मिळालं, आता घरी जाऊ.

मावशीनं डोळे उघडले. म्हणाली, "साहेब, लुदिवीनचं ताट राहिलं."

अध्यक्षांनी तिबोकडे पाहिलं. तिबोनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि जोरजोरात मान हलवली. असं काही ठरलेलं नव्हतं, पण कॅमेऱ्यासाठी इतकं सुंदर त्याला ठरवताही आलं नसतं. एक ताट आलं, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. "लुदिवीन. ही आमची."

"ऑर्तान्स," मावशी म्हणाली.

"ऑर्तान्स. ही आमची."

"ब्लांदीन."

हॉलच्या मागच्या बाजूला ब्लांदीनची नात उभी राहिली. मग फेर्नांदचा पुतण्या. मग कोण कोण. मावशी नाव घ्यायची, ताट यायचं, अध्यक्ष वाढायचे, म्हणायचे. झेलीन, पोलेत, मारी नावाच्या दोघी. टेबलावर वाफाळती ताटं आणि समोर माणूस नाही, अशी रांग लागली. बिचाऱ्या आर्सेनला काहीच ऐकू येत नव्हतं. ते माझी बाही ओढून विचारत होते, काय चाललंय, कोणाची ताटं? मी खूण केली, नंतर सांगते.

वकिलांची जेली संपली तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांची आई कुर्व्हालची, हे मला नंतर कळलं. त्यांनी ताटं पाहिली, उभी राहिलेली माणसं पाहिली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लगबगीनं पुढे येऊन ते अध्यक्षांच्या कानाशी लागले. अध्यक्षांचा चिमटा हवेतच थांबला. शेवटचं ताट बेर्तिलचं होतं, आणि ते त्यांच्यापुढे तसंच कोरं राहिलं.

"काय झालं?" मावशीनं विचारलं. "रक्ती संपली?"

अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं, मग कोऱ्या ताटाकडे, मग भिंतीवरच्या आईकडे. इतका वेळ त्या माणसाला फक्त शब्द येत होते, अर्थ आत्ता पोचला. त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, सॉसेज वाढलं आणि अगदी हळू, घोकलेल्या सुरात नाही, म्हणाले, "ही आमची." नाव घ्यायचं विसरले. पण माणूस म्हणून मी त्यांना त्या एका ताटाचे गुण देते.

आठवड्याभरात रोशन्वारनं खुलासा काढला, की सणाला झाला तो एक सांस्कृतिक प्रयोग होता. तिबोला नारळ मिळाला. आणि एका सकाळी द्युक्रे वकिलांचा फोन आला. मी मोठा आवाज लावून फोन मावशीपुढे धरला. वकील फार नम्र होते. त्यांचं म्हणणं, 'आमची' हा शब्द तिथं आपुलकीनं वापरला गेला, कायद्यानं नव्हे, हे तर आजींना ठाऊकच असेल. फक्त तसं लिहिलेल्या एका कागदावर छोटीशी सही हवी होती. ते स्वतः येतील, केक घेऊन येतील, आणि केक मऊ असेल.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "वकीलसाहेब, मी तुमचीच ना आता? मग घरच्या माणसाकडून कुणी सही घेतं का?"

वकील पुन्हा केकबद्दल बोलू लागले.

"आणि लाकडांचं बघा," मावशी म्हणाली. "थंडी पडायला लागलीय."

तिनं फोन ठेवायला सांगितला आणि पेजेत लोणी घालून मागितलं. मला हसू आलं, पण धास्तीही वाटली. मोठ्या लोकांची चेष्टा करायला सोपी असते, पण ती त्यांना कळली तर महागात पडते. मावशीला मात्र घाई होती. ती रोज सकाळी काठी टेकत परसात जायची आणि भिंतीलगतची जागा मोकळी आहे ना ते बघून यायची. आमची लाकडं ऑगस्टातच भरून झाली होती. तरी ती जागा तिनं रिकामी ठेवायला लावली होती.

पहिला बर्फ पडल्यावर एका शनिवारी गल्लीत ट्रक शिरला. चांगलं, सुकं, बीचचं लाकूड, गच्च भरलेलं. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा नव्हता. फाटकाशी येऊन म्हणाला, एर्मीनबाई इथंच का, लाकडं उतरवायचीत.

मावशी दारात आली. "कोणाकडून?"

ड्रायव्हरनं खिशातला कागद पाहिला. "ते नाव टाकलेलं नाही. सांगू नका असंही बजावलंय. पैसे भरलेत, तुम्हाला काय करायचंय, आजी? जळाल्याशी कारण."

"मग परत न्या."

मी हळूच म्हटलं, मावशी, आली ना लाकडं, त्यांनी पाठवली ना, आपल्याला कळतंय ना कोणी ते. माझ्या पायांना गार लागत होतं. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती अर्धी खिडकी लावून घेतली होती.

"लाकडं आपल्याकडे आहेत," ती म्हणाली.

ड्रायव्हर डोकं खाजवत ट्रककडे गेला. बराच वेळ फोनवर बोलला, हातवारे करून. बहुतेक ते त्याला सांगत होते की निघून ये, आणि तो सांगत होता की या बर्फात भरला ट्रक घेऊन मी घाट परत चढणार नाही. शेवटी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "रोशन्वारकडून आहेत. झालं?"

"मोठ्यानं बोला. समोरचे आर्सेन बहिरे आहेत."

समोर खिडकीत आर्सेन उभेच होते, ट्रक बघत. मावशीनं काठीनं त्यांना खिडकी उघडायची खूण केली. त्यांनी ती सताड उघडली आणि कानामागे हात धरला.

ड्रायव्हरनं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग तोंडाभोवती हात धरून, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा ओरडला, "रोशन्वारकडून. त्यांच्या माणसांसाठी."

आर्सेननी मान हलवली. ऐकू आलं होतं. हळूहळू त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"उतरवा," मावशी म्हणाली. "निम्मी तिकडे टाका. तेही त्यांच्यातलेच आहेत."